सुभेदार अण्णांची काळी ट्रंक

सकाळी साडेपाचला आमच्या कॉलनीच्या गेटवर आरोळी उठते, "हत्यार जमा!" नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी घाबरून दाराला आतून कडी घालतो. हत्यार म्हणजे मोबाईल. कडुनिंबाखाली काळी ट्रंक उघडी असते, शेजारी खुर्चीत सुभेदार अण्णा, मांडीवर रजिस्टर. फोन द्यायचा, सही करायची आणि फिरायला चालू पडायचं. साडेसातला पुन्हा सही करून परत घ्यायचा. पलटणीत बंदुका कोतात, म्हणजे शस्त्रागारात, ठेवतात. तसं हे अण्णांचं कोत.

अण्णा मूळचे पाटणकडचे. फौजेतून निवृत्त झाले, बायको गेली, आता साताऱ्यात एकटे राहतात. एकुलता मुलगा हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. "डोळं उगडलं की मानसानं आदी आबाळ बगावं, मग घरच्यांची त्वांडं, मग फोन," हे त्यांचं लाडकं वाक्य. अंथरुणातच फोन बघून आलेला माणूस त्यांना चेहऱ्यावरून कळतो म्हणे. "कुलकर्णीसाब, आज बगून आलाय न्हवं? डोळं बगा, उकडलेल्या अंड्यावानी झाल्यात." कुलकर्णी निमूट कबूल करतात.

मी एस.टी.त तीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. गाडीत पाय टाकला की विनातिकीट माणूस मला वासावर समजायचा. त्यामुळे अण्णांचा संशय यायला मला महिनासुद्धा लागला नाही. एक तर हा गृहस्थ स्वतः कधी फिरायला येत नाही. "कोताला पहारा लागतोय," म्हणतो. अकरा फोन आणि एकटा माणूस! दुसरं म्हणजे, माझा फोन परत मिळायचा तो कोमट. भर थंडीतसुद्धा कोमट.

आणि मग आटपाडीला दिलेली माझी आक्का एका संध्याकाळी फोनवर म्हणाली, "गुडघ्याला तेल लाव रं. लय दुखतोय न्हवं?"

गुडघ्याचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त अण्णांना, ट्रंकेपाशी. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर आक्का म्हणाली, "कळतंय आमाला," आणि फोन बंद.

"अहो, बिचारा म्हातारा माणूस," बायको म्हणाली. मला 'बिचारा' या शब्दाचाच संशय येतो. विनातिकीट पकडलेले सगळे बिचारेच असायचे. मी ठरवलं, रविवारी कॉलनीची बैठक आहे, तिथं पुराव्यानिशी बोलायचं आणि ही ट्रंक कायमची बंद करायची.

शुक्रवारी फोन जमा केला, सगळ्यांबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो, चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त केलं आणि मागच्या बोळातून येऊन पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो.

ट्रंकेत एक फोन वाजला. अण्णा उठले, टोपी सारखी केली आणि फोन कानाला लावला. "जय हिंद! कुलकर्णीसाब राउंडला गेल्यात. म्या कोतावरनं सुभेदार. बोला ताई, पोरीचा दात पडला का?" त्या दाताची हकीकत दहा मिनिटं चालली. मग माझा फोन वाजला. "आक्का, रामराम! शेरडी व्याली? दोन? आवं, मग कंच्या रंगाची?" माझ्याशी दोन मिनिटांच्या वर न बोलणारी आक्का करडांची नावं काय ठेवू म्हणून अण्णांना विचारत असावी, कारण अण्णा एकेक नाव सुचवत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी ट्रंकेतून आणखी एक फोन काढला. शर्टाच्या बाहीनं पुसला, पडद्याकडे न बघता बाजूचं बटण दाबून आवाज पुरता मोठा आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला. तो त्यांचा स्वतःचा फोन, रजिस्टरातली एक नंबरची नोंद. तो काही वाजला नाही.

मी टाकीआडून बाहेर आलो. "अण्णा, हे काय चाललंय? दुसऱ्यांचे फोन?"

अण्णा पळवाट शोधत बसले नाहीत. सावधानमध्ये उभे राहिले. "बगायचं न्हाई म्हनलोय, चेकरसाब. ऐकायला कुटं बंदी हाय? आन् सवताचा फोन उचलायचा न्हाई, त्यो नियम म्या पाळतोय." मग आवाज खाली आला. "बैठकीत सांगनार असाल तर सांगा. पर येवडी सकाळ काढून घेऊ नगा. दिसभर कुनी बोलत न्हाई वो माज्याशी."

तीस वर्षांत इतक्या लोकांना पकडलं, पण पकडणाऱ्यालाच लाज वाटावी असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

रविवारच्या बैठकीत मी तुंबलेल्या गटाराबद्दल बोललो. संध्याकाळी आक्काला अण्णांचा नंबर दिला आणि म्हटलं, "उद्या सकाळी माझ्या फोनवर नको, त्यांच्याच फोनवर कर."

सोमवारी फिरायला न जाता मी ट्रंकेपाशीच खुर्ची टाकून बसलो. सव्वासहाला एक नंबरचा फोन खणखणला. अण्णा ताडकन उठले. हात पुढे गेला आणि मधेच थांबला.

"म्या कसा उचलू? नियम हाय. चेकरसाब, तुमी उचला," ते म्हणाले. "पोराचा असंल. बगा की वो, पोराचाच असंल!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फोन उचलला, "आक्का आहे," असं कसंबसं म्हणालो आणि फोन त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी टोपी सारखी केली, ताठ झाले. "जय हिंद, आक्का! करडं काय म्हंत्यात?" चांगली वीस मिनिटं बोलले. सगळी चौकशी केली, पण या वेळी हसले नाहीत.

बोलणं संपल्यावर मला राहवेना. "अण्णा, नियम गेला खड्ड्यात. तुम्हीच लावा ना मुलाला. मी जोडून देतो."

"न्हाई, न्हाई," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "सकाळची येळ हाय. निवांत च्या पीत बसलं असंल पोरगं. फोन करून कशाला दचकवायचं त्याला?"