मास्तरांची बसल्या जागची मजल

"महिन्याभरात त्या सर्जनलाच धाप लावून दाखवतो की नाही बघ!" हॉस्पिटलातून घरी येताना मास्तरांनी लेकीला ठणकावून सांगितलं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. सगळी हयात शिलाई मशीनवर गेलेली. उजव्या फुप्फुसाचा कॅन्सर झालेला भाग सर्जननी कापून काढला, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या मास्तरांनी विचारलं होतं, "टाके कुणी घातले? हात बरा आहे हो!"

"आता औषध एकच, चालणं!" फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावलं. "चाललात तर फुप्फुस फुलेल, बसलात तर कफ साचेल." आणि तिनं त्यांच्या डाव्या मनगटावर घड्याळासारखा एक काळा पट्टा बांधला. पट्टा पावलं मोजणार आणि आकडा तिच्या मोबाइलवर दिसणार, लेकीच्याही.

"म्हणजे आरोपीला बेडीच की!" मास्तर म्हणाले.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. सुट्टी संपली तशी ती गेली, आणि बायकोच्या माघारी आधीच सैल झालेलं घर मास्तरांच्या अंगाला आणखी ढगळ होऊ लागलं.

बोललो तर आहोत, म्हणून मास्तर चालायला निघाले. जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तिथल्या विजेच्या खांबाला असे बिलगले, जणू लहानपणी हरवलेला सख्खा भाऊच भेटला! बरगड्यांत कळ, छातीत लोहाराचा भाता. तेवढ्यात समोरून इस्त्रीवाला आला.

"काय मास्तर, खांबाचं माप घेताय?"

झालं! त्या दिवसापासून रस्ता बंद.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, दिवसभरात फक्त स्वयंपाकघरापर्यंत? खुर्चीला टाचून घेतलंय का स्वतःला?"

"अगं, आज जरा..."

"कालही जराच होतं! उठा! मी फोन धरून ठेवते, बाल्कनीपर्यंत जाऊन या!"

हुबेहूब तिच्या आईचा सूर, शेवटाला वर चढणारा. मास्तर कुरकुरत जायचे, परत येऊन फोन उचलायचे. "गेलो. आलो. झालं समाधान?" मग जेवलात का, गोळ्या घेतल्या का, खोकला कोरडा की ओला, अशी उलटतपासणी. फोन ठेवल्यावर मास्तर म्हणायचे, "काय कटकट आहे!"

आणि एक दिवस मास्तरांना शोध लागला. पडद्याची उसवलेली शिवण घालायला ते पायाच्या मशीनवर बसले. पट्टा मनगटाला काचत होता, म्हणून काढून घोट्याला बांधला. पडदा शिवून बघतात तर आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळालेला!

मग काय विचारता! मास्तरांनी घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवले. सगळ्या बिल्डिंगला पिशव्या शिवल्या. शिवायला काही उरेना, तेव्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीला झबलं आणि मिक्सरला टोपडं घातलं. कापड संपलं, तर दोरा न ओवताच मास्तरांनी अर्धं शहर पालथं घातलं, तेही स्टुलावरून न उठता!

लेक हरखली. पहिल्या दिवशी फोनवर नुसती नाचली. "बाबा, कमाल केलीत!" दुसऱ्या दिवशीचा फोन आखूड होता. मग फोनच थांबला आणि संध्याकाळी मोबाइलवर उमटू लागला एक पिवळा अंगठा. शाबास!

मास्तर खूश. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी फोनची वेळ झाली आणि त्यांचे पाय आपोआप थांबले. फोन मांडीवर घेऊन ते बसून राहिले. खाली गाड्या येत-जात होत्या. कुणाच्या तरी घरात कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं, आणि मास्तरांना त्या माणसाचा चक्क हेवा वाटला!

शेवटी त्यांनीच फोन लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"मी मीटिंगमध्ये आहे हो. पण काय मस्त चालताय! मला तुमची आता काळजीच नाही. ठेवू?"

"ठेव."

काळजीच नाही! मास्तर उठले, बाल्कनीपर्यंत गेले, परत आले आणि हातातल्या फोनला म्हणाले, "गेलो. आलो." फोन बंदच होता.

आता पंचाईत अशी, की मशीन चालवावं तर फोन येणार नाही, आणि थांबवावं तर बिंग फुटणार. मास्तर या पेचात असतानाच फिजिओवालीचा फोन आला.

"काका, तुमच्या आकड्यांनी आम्हाला वेड लावलंय! शुक्रवारी या, बाकीच्या पेशंटांना चालून दाखवा!"

"मला जरा शिवण आहे हो."

"ते बसून होईल काका! आधी चालणं!"

शुक्रवारी हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मास्तर उभे राहिले. मागे पेशंटांची रांग. पहिलाच एक बसचालक, ऑपरेशनला जेमतेम आठवडा झालेला. टाळ्या वाजल्या. मास्तर भिंतीच्या कडेकडेनं चोरपावलांनी निघाले. इतक्यात पलीकडच्या टोकाचं दार उघडलं आणि खांद्याला बॅग अडकवलेली लेक आत आली! बापाचं कौतुक डोळ्यांनी बघायला रजा काढून आली होती.

मास्तर फुप्फुस विसरले, बरगड्या विसरले आणि झपाझप सुटले. अर्ध्यात श्वास संपला. बसचालकानं ओव्हरटेक करता करता त्यांना दंडाला धरून बाकावर टेकवलं.

"काय होतंय काका? पट्टा बघू! पट्टा कुठाय?" फिजिओवाली धावली.

मास्तरांनी निमूट पँटचा पाय वर केला. पट्टा घोट्यावर.

"मशीन," ते धापत म्हणाले.

"कसलं मशीन?"

"शिलाईचं."

फिजिओवालीनं कपाळाला हात लावला आणि बसचालकाला पुढे घालून ती रांग घेऊन गेली. लेक शेजारी बसली. डोळे भरलेले, नाकपुड्या फुललेल्या.

"मला फसवलंत! का?"

"तू रोज रागवायचीस म्हणून."

"मग थांबलं ना रागावणं? झालं मनासारखं?"

मास्तर बाकाच्या रेक्झिनची उसवलेली शिवण चाचपत राहिले. "नाही ना झालं! आकडा चढला आणि तुझा फोनच बंद झाला."

लेकीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "रोज संध्याकाळी हात फोनकडे जायचा, बाबा. वाटायचं, फिरत असतील, चार माणसांत असतील, कशाला अडवायचं. घरी येऊन नुसती बसून राहायचे."

"म्हणजे तूही बसून!"

ती हसली, रडली आणि पुन्हा रागावली. मास्तरांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवस त्यांना हाताला धरून चालवून ती परत गेली. आता दोघांचं ठरलंय. संध्याकाळी फोन लावायचा आणि तिनं तिच्या शहरात, मास्तरांनी आपल्या शहरात, एकदमच चालायचं. तिच्याकडचे हॉर्न मास्तरांना ऐकू येतात, मास्तरांची धाप तिला. मास्तर थांबले की तीही तिथे थांबते. असं करत करत मास्तर पोस्ट ओलांडून पार पुलापर्यंत पोचले. खरेखुरे! स्वतःच्या पायांनी!

आणि परवा फिजिओवालीचा फोन.

"काका, पुन्हा खुर्चीत? आकडा काय हा!"

"काय सांगतेस! पट्टा मनगटावर आहे, पुलापर्यंत जातो मी!"

चौकशीअंती उलगडा झाला. पट्टा मोजतो ते हाताचे हेलकावे. आणि मास्तरांचा डावा हात जाता-येता फोन कानाला धरून असतो, उजवा बरगड्यांवर.

"फोनवर बोलणं बंद करा आणि हात हलवत चाला! नाहीतर मुलीला कळवीन हं मी!"

"कळव की!" मास्तर घाईघाईनं म्हणाले. "आजच कळव. आणि हे बघ, जरा कडक शब्दांत कळव!"