काळ्या मानेची साक्ष

दुर्मिळ पक्षी दिसल्याची बातमी फोनवर आली, की आमचे शेजारी शिकलगारचाचा आधी "खोटं हाय!" म्हणतात आणि मग स्कूटर काढतात.

खोटंच आहे तर जाता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खोटं हाय का न्हाय, बघाय नको व्हय?" चाचांची उभी हयात एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. समोरचा माणूस तिकिटाशिवाय बसलाय, असं धरूनच ते कुणाशीही बोलतात. आमच्याकडचा चहासुद्धा आधी वास घेऊन मग पितात.

पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर त्यांचा दरारा आहे. कुणी काळा करकोचा दिसल्याचं कळवलं, की लगेच उलटतपासणी. "मान कसली हुती? पांढरी? मग त्यो दुसरा करकोचा. ढिगानं हायती तसले." फोटो नसेल तर साक्षीदार पाहिजे आणि तो घरचा चालणार नाही, हा नियमही त्यांनीच भांडून करून घेतला. "नवऱ्यानं कावळा दावला तर बायकू मोर म्हणंल!"

आता अशा माणसावर गल्लीनं तरी का विश्वास ठेवावा? चाचा दुर्बीण घेऊन गच्चीवर आले, की समोरच्या खिडक्या धडाधड बंद. शंका मलाही होती. बाकीच्या पक्ष्यांसाठी ते एक चक्कर मारून येतात, पण काळ्या करकोच्यासाठी मात्र दर हिवाळ्यात गडमुडशिंगीच्या एकाच ओढ्यावर रोज जातात. बातमी आलेली नसली तरी जातात. कुठंतरी पाणी मुरत होतं. म्हणून गेल्या थंडीत मी त्यांच्या मागं स्कूटरवर बसलो.

ओढ्याकाठी उसाच्या बांधावर बसतोय तोच एक शेतकरी आला.

"काय ओ पावणं, रस्त्याची मापं घ्याय आलाय व्हय? एक गुंठा देणार न्हाय, सांगून ठेवतो!"

"पक्षी बघाय आलोय," चाचा म्हणाले.

"आमाला येडं समजू नका," असं म्हणून तो खुरपं घेऊन शेजारीच बसला. आम्ही तिघंही एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होतो.

तासाभरानं करकोचा उतरला. चाचांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली.

"मान?"

"काळी."

"नीट बघा. पांढरी असंल."

"काळीच आहे चाचा. चोच लाल, पोट पांढरं."

"काळी कुळकुळीत हाय की," शेतकरीही म्हणाला.

घरचे नसलेले दोन साक्षीदार! मी ग्रुपसाठी फोटो काढायला फोन वर केला, तर चाचांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. ग्रुपसाठी न्हाय आलो मी."

हीच ती भानगड, मी मनात म्हटलं.

"पाच वर्सामागं तुमच्या चाचीला घिऊन आलतो," चाचा म्हणाले. "हितंच बसलो हुतो. तिनं बघितला. मी दुर्बीण लावस्तवर त्यो उडाला. ती म्हणाली, मान काळी हुती. मी म्हणालो, पांढरी असंल, तुला काय कळतंय? वाद घालणारी न्हवंच ती. एकदाच म्हणाली, काळीच हुती. पुढच्या उन्हाळ्यात गेली."

चाचांनी खिशातून वही काढली. तारीख लिहिली, पाच वर्षांपूर्वीची. पक्षी: काळा करकोचा. पाहणार: जैनब शिकलगार. आणि वही माझ्यापुढं धरली.

"सही करा. साक्षीदार म्हणून."

आज दिसलेल्या पक्ष्यावरून तेव्हाचा काही सिद्ध होत नाही. हे मला कळत होतं, चाचांना तर माझ्या आधी कळलं असणार. इतकी वर्षं या माणसावर नाही नाही त्या शंका घेतल्याची लाज वाटली. मी सही केली.

शेतकऱ्यानं वही हातात घेतली, पानं उलटसुलट करून बघितली. जमिनीचं त्यात काही नाही अशी खात्री पटल्यावर त्यानं विचारलं, "ह्या जैनब कोण?"

"माझी मालकीण," चाचा म्हणाले. "तिची नजर लई चांगली हुती."

त्यानं खुरपं खाली ठेवलं, हात धोतराला पुसला आणि माझ्या सहीखाली आपलं नाव लिहिलं.