पाइप लावणे

फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेल्या चिठ्ठीत चार ओळी होत्या आणि चारही ओळी ‘लावणे’ याच शब्दावर संपत होत्या. कुकर लावणे. मशीन लावणे. पाइप लावणे. बाल्कनीचं दार लावणे. लिहिणारीला त्यात काहीच खटकलं नव्हतं. एरवी ती औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बसून, दुसऱ्याच्या अहवालात एक स्वल्पविराम चुकला तरी कागद परत पाठवायची.

तिला बढती मिळत होती. नव्या प्रयोगशाळेची प्रमुख. पण आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या गावी मुक्काम. वीस वर्षं वाट पाहिलेलं पद समोर होतं आणि अकरा दिवस ती ‘विचार करून सांगते’ एवढंच म्हणत होती.

"बाई, आपल्या बशीतली बुरशीसुद्धा पाच दिवसांत काय ते ठरवते," साहेब म्हणाले होते. "उद्या दुपारी एकपर्यंत सांगा. नाहीतर दुसरं नाव कळवतो."

अडचण घराची होती. सासूबाईंची पंचाहत्तरी उलटलेली, कानांनी दगा दिलेला. त्यांच्यावर काय टाकायचं? राहिला नवरा. तो कंपन्या-कंपन्यांतून ‘विचार कसा करावा’ यावर वर्ग घ्यायचा.

"एक दिवस घर माझ्यावर सोडून बघ," तो म्हणाला. "डोकं वापरलं की घर आपोआप चालतं." त्याने रजा टाकली, तिने चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला त्याचा फोन आला.

"अगं, स्वयंपाकघरात पाणी येतंय. फेसाचं."

"पाइप लावला होता ना?"

"लावला की! बाल्कनीतल्या नळाला. झाडांना पाणी घालायचं होतं ना?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मशीनचा पाइप! तो मोरीत सोडायचा असतो!"

"मग तसं लिहायचं. नुसतं पाइप म्हणजे कुठला?"

"ते नंतर. आधी मशीन बंद करा."

"घाई नको. वरवरचे उपाय करून भागत नाही, मुळाशी जावं लागतं. पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाणी का येतंय? कारण..."

"बटण दाबा!"

प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना वळल्या. ती ओशाळून परीक्षानळीकडे बघत राहिली.

दहा मिनिटांनी तिनेच फोन लावला.

"कुठे आहात?"

"बाल्कनीत."

"तिथे काय करताय?"

"विचार." मग जरा आवाज उतरला. "आईनं दार लावलंय. आतून. मी पाइप बघायला बाहेर आलो आणि मागून ती चिठ्ठी वाचत आली. चौथी ओळ."

"आणि मशीन?"

"चालू असणार. काच बडवून हात दुखले, तिला ऐकूच जात नाही."

"हे कितवं ‘का’ झालं तुमचं?"

"टोमणे नकोत. इथे खालच्या बाई ओरडतायत. त्यांचे वाळलेले कपडे पुन्हा भिजलेत म्हणे."

"तो नळ तरी बंद करा हो!"

"अरेच्चा! ते राहिलंच."

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वाटभर डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: तरंगणाऱ्या चपला, आणि एक वाजता कळवलेलं दुसरं नाव. जिना चढेपर्यंत तिने त्या पदावर मनातल्या मनात पाणी सोडलंसुद्धा.

दार उघडलं. फरशी कोरडी होती. पिळलेलं फडकं मोरीत वाळत होतं, मशीनचा प्लग काढलेला, पाइप जागेवर. सासूबाई टेबलाशी बसून पेपर वाचत होत्या. काचेपलीकडे नवरा कठड्याला टेकून उभा होता.

"आई, हे सगळं तुम्ही?" तिने हातवारे करत विचारलं.

"प्लग काढला, पाणी पुसलं, पाइप मोरीत सोडला. यात विचार कसला करायचा?"

"आणि हे?" तिने बाल्कनीकडे बोट करून हवेत मूठ आपटून दाखवली. "इतकी काच बडवत होते!"

सासूबाईंनी पेपर बाजूला केला. खाली त्यांचं कानातलं यंत्र होतं. "मुद्दामच काढून ठेवलं. आत घेतला असता तर विचार करत बसला असता, आणि पाणी जिन्यात गेलं असतं." त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "तूही काही कमी नाहीस. अकरा दिवस घर कोण बघणार म्हणून घोळ घालतेयस. मला एकदा तरी विचारलंस?"

तिच्या पर्समध्ये फायदे-तोट्यांचा कागद होता, दोन रकान्यांचा, तीनदा सुधारलेला. सासूबाई त्यात फक्त तोट्यांमध्ये होत्या.

घड्याळात एकला सात मिनिटं कमी होती. काचेवर टकटक झाली. "कोणी दार उघडणार आहे का?"

"थांबा जरा," म्हणत तिने फोन लावला. सासूबाईंनी यंत्र उचलून कानात घातलं.

"साहेब, ठरलं. मी येते. तीन दिवसांच्या मुक्कामासकट."