फलकबाधित प्रतिनिधी

खैरटेक या गावात आपत्ती व्यवस्थापनाची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती आपत्तीची. वेणा नदीचा पूर गावाच्या खालून निघून जातो, भूकंप इकडे फिरकत नाहीत, आणि समुद्र तर इतका लांब की गावातल्या बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. त्यामुळे ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढून, तेलंगण ओलांडून वर्धा जिल्ह्याकडे सरकणार असल्याची सूचना आली, तेव्हा ग्रामपंचायतीत घबराटीपेक्षा समाधानच जास्त पसरलं. पाहुणा एवढ्या लांबून येतोय म्हटल्यावर त्याची दखल घेणं भाग होतं.

ग्राम आपत्ती समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव यांनी तातडीची सभा बोलावली. ग्रामसेविका सपना मॅडमनी तालुक्याहून आलेलं पत्रक वाचून दाखवलं. त्यात मुख्य कामं तीन होती : धोकादायक फांद्या छाटाव्यात, नाल्या मोकळ्या कराव्यात आणि जनजागृती करावी. सभेनं तिन्ही कामांवर साधकबाधक चर्चा केली. पहिल्या दोन कामांत फोटो छापायला जागा नसल्यामुळे तिसरं काम एकमतानं मंजूर झालं.

"फांदी छाटली तं कोणाले दिसन का?" प्रभाकररावांनी विचारलं. "छाटल्यावर ते तं दिसतच नाई. फ्लेक्स कसा, रस्त्यावरून दिसते."

हिंगणघाटला पियुष नावाच्या तरुणाचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. त्यानं पहिला नमुना पाठवला तेव्हा फलकभर उपग्रहातून घेतलेलं वादळाचं चित्र होतं आणि शेजारी ठळक अक्षरात सूचना. वर मात्र 'चक्रीवादळाच्या हार्दिक शुभेच्छा' असं होतं, कारण दिवाळीचा साचा त्यानं तसाच वापरला होता. ती चूक दुरुस्त झाली. मग वरच्या ओळीत नेते आले. नेत्यांखाली प्रभाकरराव आले, उजवा हात वर करून वादळाला थांबवताना. सदस्य आले, माजी सदस्य रुसू नयेत म्हणून तेही आले, आणि माजी सदस्य आल्यावर भावी सदस्यांना नाही म्हणता येईना. फलक वाढत गेला, पण त्याहून वेगानं माणसं वाढली. शेवटी वादळ आक्रसून मोसंबीएवढं झालं आणि सूचना एका पट्टीत गोळा होऊन मधोमध, सगळ्यांच्या पायाशी बसल्या.

हा फलक चौकात, बसथांब्याजवळ, दिवाळीच्या शुभेच्छांच्या लोखंडी ढाच्यावर चढवायचा ठरला. ढाच्याला लागून चंद्रभानचं घर होतं.

चंद्रभान हा साधा कास्तकार. गावामागच्या तुकड्यात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा, पहाटे हिंगणघाटच्या बाजारात नेऊन टाकायचा. बाकीच्या वावरात कापसाची पऱ्हाटी. घराला टिनाचं छप्पर, आणि समोरच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या बायकोनं, विमलाबाईनं, पाठ मोडून वेचलेला कापूस आढ्याला टेकेल इतका भरलेला. या वर्षी बोंडं चांगली फुटली होती. त्या खोलीत जाऊन चंद्रभान उगाच उभा राहायचा आणि कापसावरून हात फिरवायचा. छप्पर टिकलं तर वर्ष निघणार होतं, आणि छप्पर गेलं तर काय, याचा विचार तो करतच नव्हता.

नारळ फोडून फलकाचं अनावरण झालं. तेव्हाच वारा इतका सुटला होता की उदबत्ती काही पेटेना. सारा गाव मान वर करून उभा होता आणि जो तो बोट दाखवून आपल्याला नाहीतर आपल्या माणसाला ओळखत होता. जनजागृती अशी डोळ्यांदेखत होत असताना ढाचा करकरला. विमलाबाईनं ते ऐकलं.

"अवो, हे आपल्या घरावर येते," ती म्हणाली.

"काऊन येईन? मजबूत हाये."

"मजबूत हाये तं वरडून काऊन राह्यलं?"

चंद्रभान ग्रामपंचायतीत गेला. तिथं त्याची तक्रार अत्यंत गांभीर्यानं घेतली गेली, आणि इथंच त्याचं नशीब फिरलं. दुर्लक्ष झालं असतं तर निदान होतं तेवढंच राहिलं असतं. फलक हलतो याची समितीनं जागेवर जाऊन खातरजमा केली, आणि हलू नये म्हणून तो जाड तारेनं जवळच्या भक्कम वस्तूला बांधण्याचा निर्णय घेतला. जवळची भक्कम वस्तू म्हणजे चंद्रभानच्या छपराची मधली लाकडी बल्ली.

"आता पाह्य, हालते का," प्रभाकरराव तार ओढून म्हणाले.

फलक हलायचा थांबला. आता घर करकरू लागलं.

तार बांधायला पियुष स्वतः आला होता. धंद्याला जागणारा पोरगा. त्यानं खालून वर पाहिलं आणि डोकं खाजवलं. "काका, याले भोकं पाडा लागते," तो चंद्रभानला म्हणाला. "नाई तं हवा अडते. एवढा मोठा फ्लेक्स म्हणजे शीडच झालं ना. चार-दोन ठिकाणी चांद कापला का हवा निघून जाते."

चंद्रभानला हे एकदम पटलं. त्यानं पुन्हा अर्ज दिला आणि भोकांच्या विषयावर विशेष सभा भरली. आत्तापर्यंतची ती सर्वांत गाजलेली सभा होती. भोकं पाडण्याला तत्त्वतः कुणाचाच विरोध नव्हता. प्रश्न जागेचा होता. वरच्या ओळीतल्या नेत्यांच्या तोंडाला ब्लेड लावायची कुणाची छाती नव्हती. मधल्या ओळीत प्रभाकरराव होते आणि भोकामुळे त्यांचा वर केलेला हात खांद्यापासून तुटत होता. अध्यक्षच जायबंदी दिसले तर जनतेचं मनोधैर्य खचेल, असं त्यांनीच निदर्शनास आणलं. माजी सदस्यांनी भावी सदस्यांकडे बोट दाखवलं. भावी म्हणाले, आमच्या भवितव्याला आत्तापासूनच भोक कशाला? दोन चेहऱ्यांच्या मधे पाडावं, तर मधे जागाच नव्हती. फलकावर गाव इतका खांद्याला खांदा लावून उभा होता, तसा तो प्रत्यक्षात कधीच राहिलेला नाही.

"वादळाच्या फोटोत पाडता येईल," सपना मॅडम म्हणाल्या. "त्याला मधे डोळा असतोच."

सुटकेचा निःश्वास टाकून सभेनं ठराव घेतला. पियुषनं शिडी लावून मोसंबीएवढ्या वादळाला लिंबाएवढा डोळा पाडला. त्यातून शिट्टी वाजल्यासारखी हवा येऊ लागली. ती चंद्रभानच्या घरात ऐकू जायची.

"आता वाजून बी राह्यलं," विमलाबाई म्हणाली.

चंद्रभान तिसऱ्यांदा ग्रामपंचायतीत गेला. तिसऱ्यांदा येणारा माणूस हा तक्रारदार राहत नाही, तो कार्यकर्ता होतो, हे प्रभाकररावांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "चंद्रभानभाऊ, तुमची तळमळ आमाले दिसते. बाहेर राहून बोलता, त्याच्यापेक्षा आत या ना." आणि त्याला समितीवर 'फलकबाधित प्रतिनिधी' म्हणून घेण्यात आलं. सदस्य झाला म्हणजे फोटो आलाच. पूर्ण फलक पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून पियुषनं त्याचा फोटो वेगळा गोल छापला आणि जिथं एकही चेहरा झाकला जात नव्हता अशा एकमेव जागी, म्हणजे सूचनांच्या पट्टीवर, चिकटवला.

चंद्रभान खाली उभा राहून पाहत होता. आयुष्यात त्याचा फोटो लागला होता तो फक्त आधार कार्डावर, आणि तिथं तो पकडून आणल्यासारखा दिसतो. इथं पियुषनं त्याचा रंग उजळला होता, मागं निळं आभाळ टाकलं होतं. मेहनत करून करून दमलेला आपला चेहरा इतका बरा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला खरोखर भरून आलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलीनं, अंकितानं, तो फोटो स्टेटसला ठेवला. आष्टीहून साळ्याचा फोन आला. लग्न झाल्यापासून या साळ्यानं त्याला पहिल्यांदाच 'भाऊजी, मानलं तुमाले' म्हटलं. त्या दिवशी ढाचा करकरतच होता, पण चंद्रभानला तो तेवढासा ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वादळ तेलंगण ओलांडू लागलं आणि तालुक्याहून सक्त आदेश आला : सर्व फलक उतरवावेत, अथवा त्यांना मोठी भोकं पाडावीत. उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. जनजागृती अर्ध्यावर कशी सोडायची? समिती फलकाखाली उभी राहिली. पियुष ब्लेड घेऊन शिडीवर चढला. पाहून पाहून म्हणाला, "मधोमध, खालून एक मोठं पाडलं तं काम होते. बाकी कोणाले हात लावा लागत नाई."

मधोमध, खाली, चंद्रभान होता.

"वा!" प्रभाकरराव म्हणाले. "भोकाची मागणी याईचीच. मागणी करणाऱ्यालेच मान."

सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभाननं वर, चंद्रभानकडे पाहिलं. निळं आभाळ, उजळलेला रंग. विमलाबाई दारातून ओरडली, "पाड रे बाबा, पाड! पाहत काय राह्यला!"

चंद्रभाननं घसा खाकरला. "पाडा ना," तो म्हणाला. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो. पण... थोडं बाजूले नाई जमत का?"

बाजूला माजी सदस्य होते. त्यांचं जमलं नाही. पियुष खाली उतरला, ब्लेड मिटली आणि पावसाच्या आत हिंगणघाट गाठायला निघून गेला. विमलाबाईनं गाठोडं बांधलं, नवऱ्याला हाताला धरलं आणि दोघं शाळेत जाऊन बसले. सगळा कापूस काही गाठोड्यात मावणार नव्हता.

दुपारी वादळ आलं. खरं सांगायचं तर इतका प्रवास करून ते पार थकलं होतं. पोचेपर्यंत त्याचा दर्जाही हवामान खात्यानं दोनदा कमी केला होता. वारा सुटला, पाऊस झोडपून गेला. खैरटेकात एक फांदी पडली नाही, कुणाच्या छपराचं कवेलू सरकलं नाही. फक्त चौकात फलक पोट भरून फुगला, ढाचा वाकला, तार ताणली गेली, आणि मधल्या बल्लीसकट चंद्रभानचं छप्पर सोलल्यासारखं वर उचललं गेलं. सारा गाव खांद्याला खांदा लावून त्याच्या कापसावर पडला.

शाळेच्या वऱ्हांड्यातून चंद्रभाननं ते पाहिलं. भिजत धावत गेला. पांढराशुभ्र कापूस काळवंडून चिखलात बसत होता. त्यानं दोन्ही हातांनी थोडा उचलला, पिळला, परत ठेवला, आणि लहान लेकरासारखा रडला. तेव्हा मात्र फोटो काढायला कुणी नव्हतं.

उघडीप झाल्यावर पंचनामा झाला. नुकसानीचं कारण : चक्रीवादळ. चंद्रभाननं अंगठा न देता नीट सही केली. "जीवितहानी शून्य," प्रभाकररावांनी सांत्वन केलं. "अख्ख्या गावात तुमच्याशिवाय काईच पडलं नाई. याले म्हणते जनजागृती." आणि तातडीची मदत म्हणून समितीनं तो फलकच त्याला छप्पर झाकायला देऊन टाकला. फ्लेक्सची ताडपत्री चांगली टिकते, हे गावात सगळ्यांनाच माहीत आहे. दोघातिघांनी तो आधीच मागून ठेवला होता, पण समितीनं बाधिताला प्राधान्य दिलं.

चंद्रभाननं तो बल्ल्यांवर टाकला, छापील बाजू आत करून.

"उलटा काऊन टाकला?" विमलाबाईनं विचारलं.

"असाच," तो म्हणाला. पावसानं फोटो खराब झाला असता, हे तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं त्याखाली बसून ओल्या कापसातून बरा कापूस निवडत होते. आढ्यावरून सगळे नेते, सदस्य, माजी आणि भावी खाली टक लावून पाहत होते. चंद्रभानचा गोल फोटो ओल धरून एका कडेनं सुटला, थोडा वेळ लोंबकळला आणि विमलाबाईच्या मांडीवर पडला. त्याच्या जागी पट्टी उघडी झाली होती. विमलाबाईनं मान वर करून सावकाश वाचलं :

"वादळापूर्वी... मोठे फलक... उतरवून ठेवावे."

तिनं मांडीवरचा फोटो उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे पयलेपासून लिहिलं होतं?"

"असन."

"कोणीच वाचलं नाई?"

चंद्रभान कापूस निवडत राहिला. "आमी आमचे फोटो पाहून राह्यलो होतो," तो शेवटी म्हणाला. ते खरं होतं, आणि ते बोलताना त्याला लाज वाटली.

तेवढ्यात पियुषचा फोन आला. आपत्तीवर यशस्वी मात केल्याबद्दल समितीच्या अभिनंदनाचा फलक निघत होता, पहिल्यापेक्षा मोठा. बाधित म्हणून या वेळी चंद्रभानचा फोटो पहिल्या ओळीत होता.

"त्याले म्हणा, भोकं पाडूनच आणजो!" विमलाबाई म्हणाली.

चंद्रभाननं फोनवर हात ठेवला. "कोणाच्या फोटोत?" त्यानं हळूच विचारलं.

पियुषचं पलीकडून चालूच होतं. सगळे बसवूनही खालच्या ओळीत एक गोल रिकामा उरतो, तो वाईट दिसतो, कुणी असेल तर सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. तो गोल अजून रिकामा आहे. इथवर वाचताना, आपला कोणता फोटो बरा दिसेल, असं ज्यांच्या मनात येऊन गेलं असेल, त्यांनी तो लगेच पियुषला पाठवावा. ज्यांच्या मनात तसं काही आलं नाही, त्यांचे फोटो त्याच्याकडे आधीच आहेत.