घरच्या माणसाचे दोन शब्द

क्षमा ही मर्यादित साठ्याची वस्तू आहे. रस्त्यात झिंगून पडलेल्या कुणालाही ती वाटत सुटलं, तर खऱ्या गरजूंना, म्हणजे ज्यांचे निदान तीन अल्बम गाजलेत अशांना, काय उरणार?

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक या बाबतीत फार काटेकोर होता. सगळे त्याला दादा म्हणत. एका रॉक गायकाचा तो कॉलेजपासूनचा भक्त आणि चाहता संघाचा सरचिटणीस. डोळे तपासायला मशीनवर हनुवटी टेकलेल्या गिऱ्हाइकाला हलता येत नाही; ही सोय साधून दादा त्याला गायकाची व्यसनातली वर्षं ऐकवी. गायक गाता गाता ड्रमवर कोसळला तो प्रसंग, स्वतःच्या लग्नाला जायचं विसरला तो प्रसंग (दोनदा, नवरी तीच होती). ऐकताना गिऱ्हाइकाचे डोळे भरून येत, आणि त्यामुळे नंबर जरा वाढूनच निघे.

दादाला एक धाकटा भाऊ होता. तोही प्यायचा. मात्र त्याला गाता येत नव्हतं.

साहजिकच दोघांचे निकष वेगळे. गायकानं हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकला, तो इतिहास. धाकट्यानं दुकानाची दर्शनी काच फोडली, तो खर्च. गायक चार महिने बेपत्ता होता, तेव्हा तो स्वतःचा शोध घेत होता. धाकटा चार दिवस बेपत्ता झाला, तेव्हा दादानं कुलूप बदललं. (संघाच्या पाहणीनुसार शंभरातल्या त्र्याण्णव चाहत्यांना गायकाची वेदना आतून कळते. उरलेल्या सातांच्या घरीच कुणीतरी पितं. दादा दोन्हीकडे बसत होता, पण मत एकदाच देता येत होतं.)

यथावकाश गायकानं दारू सोडली. संघानं केक कापला. नंतर धाकट्यानंही सोडली. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात वहिनीनं नेऊन सोडलं होतं. घरी त्याचा विषय निघाला की दादा आवाज वाढवी, टीव्हीचा.

त्या केंद्रात एक रीत होती. वर्ष निभावलं की माणसाला पुढे बसवायचं आणि घरच्या कुणीतरी उठून त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. म्हणून धाकटा दुकानात आला आणि गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या बाहेरच उभा राहिला.

"दादा, रविवारी पाच मिनिटं येशील?"

दादानं परिस्थिती समजावून सांगितली. रविवारी गायकाचा व्यसनमुक्तीच्या दशकपूर्तीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या रांगेतलं तिकीट होतं. शिवाय चारचौघांत बोलायचं म्हणजे त्याला घाम फुटतो. वहिनी येईल की.

"वहिनी येतेच आहे रे," धाकटा म्हणाला. "पण काच मी तुझी फोडली होती."

रविवारी गायकानं सगळी गाणी शेवटपर्यंत म्हटली. (जुन्या चाहत्यांनी फसवणुकीची तक्रार केली.) मध्येच तो थांबला. म्हणाला, मी बरा झालो तिथं एक रीत आहे, घरचं कुणीतरी बोलतं. माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी बोलेल?

दादा खुर्चीवर चढला होता. माईक त्याच्यापर्यंत पोचला.

"तू पडलास तेव्हा आम्ही तोंड फिरवलं नाही," दादा म्हणाला. त्याला घाम फुटला नाही. "फोडलंस ते फोडलंस. तू घरचा आहेस. दार तुला कधीच बंद नव्हतं."

सभागृह हमसून हमसून रडलं. रात्रीत तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. केंद्रात वहिनी बोलली. तिचं कुणी चित्रण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानाच्या दारात आला. व्हिडिओ त्यानंही पाहिला होता.

"छान बोललास, दादा," तो म्हणाला. "माणूस तेवढा चुकला."

दादाला पहिलं वाक्य मनापासून आवडलं. दुसरं संपतंय तोच मशीनवरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मग गायक काय म्हणाला हो?" दादा सांगू लागला. सांगून वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

गायकाची प्रकृती ठणठणीत असून नवा अल्बम लवकरच येत आहे. वाचकांकडून ही चौकशी हमखास होते, म्हणून कळवलं. धाकट्याची चौकशी अद्याप कुणी केलेली नाही. कुणी केलीच तर अडचण एवढीच की तो राहतो कुठे, हे दादाला माहीत नाही. तुमच्या घरच्या अशा माणसाचा पत्ता तुमच्याकडे असेलच, असं आम्ही धरून चाललो आहोत.