वायरी दोन, ट्रे एक

नाशकात राहून मिसळ न मिसळता खाणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे अण्णा. उसळ एका वाटीत, रस्सा दुसऱ्या वाटीत, फरसाण कागदावर. हॉटेलवाला कुरकुरायचा. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "मिसळलं की बिघडलं."

नाशकातल्याच द्वारका चौकात त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं आणि मी त्यांचा मॅनेजर. डाव्या खिशातला रुमाल घामाचा, उजव्या खिशातला चष्म्याचा. चुकून अदलाबदल झाली की माणूस दिवसभर अस्वस्थ.

धाकटा भाऊ विलास वेगळा झाला तेव्हा वाटणीही अशीच चोख झाली. ट्रक वाटले, गोदाम वाटलं, ऑफिसच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. त्या दिवसापासून भावाचं नाव अण्णांच्या तोंडी येईनासं झालं. ते झाले 'पलीकडचे'. पलीकडच्यांना सांगा, त्यांचा ट्रक आमच्या दारात उभा आहे. मी जाऊन सांगायचो, तिकडचं उत्तर इकडे आणायचो, आणि दोन्हीकडचा चहा प्यालो म्हणून मन खात राहायचं.

वाटता आलं नाही ते एक झेरॉक्स मशीन. नवं, महागडं, कॉम्प्युटरवरून प्रिंटही काढणारं. ते दोन्ही ऑफिसांच्या सामाईक बोळात राहिलं. पण दोन्ही ऑफिसांचं नेटवर्क वेगळं आणि गिऱ्हाइकं मात्र तीच. एकाचे दर दुसऱ्याला कळले की संपलंच. अण्णांनी मला बजावलं, "आपली वायर त्यांच्या वायरीला शिवता कामा नये."

मशीनची कामं करणारे शेखभाई आले. मशीनला नेटवर्कची खाच एकच. ती आम्हाला मिळाली. पलीकडच्यांसाठी त्यांनी मागे एक छोटी डबी जोडली आणि त्यांची वायर त्या डबीत घातली. दोन्ही नेटवर्कं मशीनपर्यंत येणार, पण एकमेकांना दिसणार नाहीत. अण्णांनी या वयात जमिनीवर गुडघे टेकून वायरी तपासल्या. आमच्या वायरीला लाल चिकटपट्टी, त्यांच्या वायरीला निळी. मग समाधान झालं.

त्याच दिवशी सिन्नरच्या एका कारखान्याला वर्षभराच्या वाहतुकीचे दर द्यायचे होते. लिफाफा संध्याकाळच्या आत पोचायला हवा. हे काम हातचं गेलं तर आमचे निम्मे ट्रक उभे राहणार होते, आणि पलीकडेही तीच गत. दुपारी मी प्रिंटचं बटण दाबलं. अण्णा आधीच मशीनपाशी जाऊन उभे होते. मी पोचलो तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता आणि चेहरा उतरला होता.

कागदाच्या माथ्यावर विलासशेठचं नाव होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वायरी वेगळ्या केल्या होत्या, पण कागद पडायचा ट्रे एकच होता. इतका वेळ आम्ही वायरींवर खल केला, ट्रे कुणाच्या मनातच आला नाही. त्यांच्या बाजूने आमच्या आधी बटण दाबलं गेलं होतं, इतकंच.

दर त्याच पानावर, खाली असणार. आमचं पत्रक अजून बदलता आलं असतं. मी तसं बोललो नाही. पण मनात आलं नाही असं म्हणवत नाही.

अण्णांनी चष्मा काढला. कागद पालथा धरला आणि प्लायवूडवर बोटांनी टकटक केली.

"विलास, तुझा कागद."

पलीकडचं बोलणं थांबलं. विलासशेठ बोळात आले. आधी कागदाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"वाचलात, अण्णा?"

"चष्मा काढलाय."

"कधी काढलात?"

"तुझं नाव वाचून झाल्यावर."

विलासशेठनी कागद ओढून घेतला. आता पेटणार, म्हणून मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. त्यांच्या जागी मी असतो तर विश्वास ठेवला नसता.

"घाला तो चष्मा," ते म्हणाले. "वायरीत पाय अडकून पडाल."

काम त्यांना मिळालं. आमचे ट्रक उभे राहिले. पुन्हा असं नको म्हणून मीच शेखभाईंना बोलावून घेतलं. ते म्हणाले, गुप्त आकडा लावता येतो. बटण दाबलं तरी कागद आतच राहील. मशीनपाशी येऊन आकडा दाबला, की मगच बाहेर पडेल.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे शिपाई पाठवून चालायचं नाही? ज्याचा कागद त्यालाच यावं लागेल?"

"आकडा दुसऱ्याला सांगितला नाही तर. मग खुद्द मालकालाच."

"मग पलीकडे लावा," अण्णा म्हणाले. थोडं थांबून माझ्याकडे वळले. "आणि त्याला सांगून या, आकडा कुणाला देऊ नकोस म्हणावं."

मी निरोप देऊन परत आलो तेव्हा अण्णा स्वतःची खुर्ची ओढत बोळातल्या मशीनकडे नेत होते.