सासरेबुवा एचडी होतात

छापखान्यात प्रूफं तपासणाऱ्या माणसाने सिनेमाच्या वाटेला जाऊ नये, असा काही कायदा नाही. असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

आपला हा प्रूफवाला साधा, पापभीरू, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. यातलं शेवटचं वर्णन त्याच्या सासऱ्यांनी केलेलं आहे. लग्न ठरताना 'मुलगा करतो काय?' याचं उत्तर ऐकून ते एवढंच म्हणाले होते आणि त्यानंतर इतक्या वर्षांत जावयाबद्दल दुसरं वाक्य बोलायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. हा ग्रह सासुरवाडीला गेला की दारामागच्या स्टुलावर बसायचा आणि चहा थंड झाला तरी बोलायचा नाही.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी होती. सासरे सिनेमात होते.

म्हणजे तरुणपणी, एका सिनेमातल्या कोर्टाच्या प्रसंगात, गर्दीतला एक म्हणून, एक दिवस. सिनेमा पडला. (इतका पडला की निर्मात्याने पुढे पंखे दुरुस्तीचं दुकान काढलं.) पण तो एकदा टीव्हीवर लागला तेव्हा सासऱ्यांनी त्याची कॅसेट भरून ठेवली आणि तेव्हापासून घरात येईल त्याला, मग तो गॅसवाला असो की नवी सून, ती पाहावी लागे. कोर्ट आलं की सासरे काठी उचलून टीव्हीच्या काचेला टेकवत आणि म्हणत, "खांबाच्या उजवीकडे. हा मी." तिथे एक उभट, करडा डाग असे. पाहुणे मान डोलावत. डागात दिसण्यासारखं काही नव्हतं, पण नाही म्हणावं असंही काही नव्हतं.

प्रूफवाल्याला एकच छंद होता. जुन्या सिनेमांच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. ही मंडळी पदरमोड करून, घरच्यांची बोलणी खाऊन, जुने सिनेमे कॉम्प्युटरवर घ्यायची, एकेक फ्रेम धुऊनपुसून एचडी करायची. अध्यक्ष होते एक दातांचे डॉक्टर. किडकं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. मंडळाने नेमका सासऱ्यांचा सिनेमा हाती घेतला आणि पाहतात तर त्यांच्या प्रतीत कोर्टाचा प्रसंगच नाही. सगळे हळहळले. प्रूफवाल्याने तेव्हा गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस नेमका त्या दिवशी बोलला.

"माझ्या सासऱ्यांकडे आहे."

मनातला बेत असा होता: सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. त्या डागातून सासरे बाहेर काढायचे, लख्ख, नाकाडोळ्यांसकट, आणि सगळ्यांदेखत दाखवायचे. मग तरी ते जावयाबद्दल दुसरं वाक्य बोलतील. आपल्या पडेल स्वभावाच्या माणसाला याहून मोठी आशा झेपली नसती.

सासऱ्यांनी कॅसेट दिली, पण तान्हं मूल परक्याच्या हातात द्यावं तशी दिली. प्रूफवाल्याने ती जपून घरी नेली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि उतरवून होताच जुन्या प्लेअरने आतली टेप कचाकचा खाल्ली. मग त्याने स्वतःची समजूत घातली की प्रत तर आपल्याकडे आहे. (अशा समजुती घालायला त्याला कुणी शिकवावं लागत नसे.)

मग रविवारच्या दुपारी त्याच्या घराचे पडदे बंद होऊ लागले. सॉफ्टवेअर हुशार होतं, पण त्याला एक खोड होती. जिथे दिसत नाही तिथे ते अंदाज करी. पहिल्या रविवारी त्याने न्यायाधीशांच्या शाईच्या दौतीला कान काढले. दुसऱ्या रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला मिशा फुटल्या. वकिलाच्या तोंडात इतके दात आले की अध्यक्षांनी ते स्वतः बसून कमी केले. प्रूफवाला हरखून गेला. जे सॉफ्टवेअर घड्याळाला मिशा देतं ते सासऱ्यांना निदान नाक तरी देईलच.

त्याने डाग साफ करायला घेतला. आधी दोन खांदे आले. मग बाह्या आल्या, बटणं आली, डाव्या कोपराला लावलेलं ठिगळसुद्धा आलं. वर एक गोल गुळगुळीत काहीतरी आलं. तो चेहऱ्याची वाट पाहत बसला. चेहरा आला नाही. जे सॉफ्टवेअर दौतीत माणूस पाहत होतं, त्याला इथे मात्र माणूस दिसेना.

बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"बाबा कुठायत?"

"हे काय."

"अहो, हा कोट आहे."

कोटच होता. कोट अडकवायच्या लाकडी स्टँडवर टांगलेला. वरचं गोल म्हणजे स्टँडचा लाकडी गोटा. प्रूफवाल्याने मान्य केलं. बायकोने चहा टेबलावर ठेवला.

"रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय आईने. पडदासुद्धा भाड्याने आणलाय."

"मग काय करू?"

"कोटात बाबा घाला," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

एका वेलांटीसाठी लेखकांशी हमरीतुमरीवर येणारा हा माणूस. त्याने आयुष्यात मुद्दाम चूक केली नव्हती, त्यामुळे ती करायची सवयही नव्हती. सासऱ्यांचा तरुणपणीचा फोटो शोधून त्याने त्यातलं डोकं कोटावर बसवलं. कोर्टात टांगलेले सासरे दिसू लागले. बायकोने ते पाहून चहाचा कप उचलला आणि निघून गेली. तेव्हा त्याने स्टँड काढला, कोट काढला, आणि फोटोतला आख्खा माणूस, शर्टपँटसकट, खांबाशेजारी उभा केला. कॉम्प्युटरने जागा संपल्याचं सांगून विचारलं, जुनं पुसून नवं ठेवू का? प्रूफवाल्याने हो म्हटलं. दृश्य झकास दिसत होतं. त्याला स्वतःचा चक्क अभिमान वाटला.

रविवारी सासऱ्यांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुण्याने पडदा लावला. दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. सासऱ्यांनी नवा शर्ट घातला होता. कोर्ट आलं. वकील माफक दात दाखवून बोलू लागला. सासरे उठले, काठी उचलली, "खांबाच्या उजवीकडे," म्हणाले आणि थांबले.

पडद्यावर ते स्वतः होते, लख्ख, हसतमुख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रूफवाला स्टुलावर जरा सरकून बसला, दुसरं वाक्य ऐकायला.

"माझा कोट कुठाय?" सासरे म्हणाले.

टाळ्या हळूहळू थांबल्या.

"इथे माझा कोट होता. हा कोण उपटसुंभ?"

"बाबा, तुम्हीच आहात," मेहुणा म्हणाला.

"मी नव्हतोच तिथे." सासऱ्यांनी काठी खाली ठेवली. ते खाली बसले आणि मग सगळं बाहेर आलं. दिव्यांच्या उकाड्याने त्यांनी कोट काढून स्टँडला लावला होता. ते सारखे कॅमेऱ्यात बघतात म्हणून सहायकाने त्यांना बाहेर काढलं, आणि दरवाजा लागला, आणि आत प्रसंग झाला. ते व्हरांड्यात उभे राहिले आणि कोट सिनेमात गेला. वडिलांनी शिवून दिलेला पहिला कोट. वडील ते पाहायला राहिले नाहीत. थिएटरात शेजारी नवी नवरी बसली होती. तिने विचारलं, ते तुम्हीच का? त्यांनी हो म्हटलं. तेव्हापासून हो म्हणत आलो, ते म्हणाले, पण बघत होतो ते कोटाकडे.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. कोपराचं ठिगळ शूटिंगच्या आदल्या दिवशी मीच लावलंय. आणि डोकं कुठे होतं त्याला?"

सासऱ्यांनी बायकोकडे इतक्या वर्षांत प्रथमच बारकाईने पाहिलं.

मग सगळ्यांनी प्रूफवाल्याकडे पाहिलं. कॅसेटचं काय झालं, मूळ प्रतीचं काय झालं, हे त्याने खरंखरं सांगितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. फरशी पक्की होती.

सासूबाई उठल्या आणि आतल्या ट्रंकेतून कोट घेऊन आल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. डॉक्टर म्हणाले, फोटो काढून तो पुन्हा आत बसवता येईल, पण तसाच टांगलेला हवा, तेवढ्याच उंचीचा, वर गोल गोटा असलेला स्टँड हवा. घरात असा स्टँड नव्हता. सासऱ्यांची नजर खोलीभर फिरली आणि स्टुलावर येऊन थांबली.

"जावईबापू, उभे राहा."

जावईबापू उभे राहिले. कोट खांद्यांवर अडकवला गेला. हात आत, मान खाली, तोंड भिंतीकडे, अशा सूचना सासऱ्यांनी काठीने दिल्या. मान खाली घातल्यावर जावयाचं टक्कल नेमकं गोट्याच्या जागी आलं.

"हलू नका," सासरे म्हणाले. "अगदी छान जमतंय तुम्हाला."

हेच ते दुसरं वाक्य. प्रूफवाल्याचा ऊर भरून आला, पण हलायचं नव्हतं म्हणून तो भरल्या उराने तसाच उभा राहिला.

सॉफ्टवेअरने टक्कल लाकूड म्हणून बिनतक्रार स्वीकारलं. त्याला पॉलिशही केलं. आता तो सिनेमा एचडीत आहे आणि येईल त्याला दाखवला जातो. कोर्ट आलं की सासरे काठी उचलतात.

"खांबाच्या उजवीकडे. हा माझा कोट. आणि खालचा स्टँड आहे ना, ते आमचे जावई."

पाहुणे पडद्याकडे बघतात, मग स्टुलावर बसलेल्या प्रूफवाल्याकडे बघतात.

"हो हो," ते म्हणतात, "लगेच ओळखू येतात."